फाटकापाशीची पिशवी

३ नोव्हें., सोम.
संध्याकाळी कॉलनीच्या फाटकापाशी बेवारस पिशवी. आत कुकर, तार. सगळे लांब उभे, आणि मला बोलावणं. "काळेजी, आप तो फैक्ट्री में गोले भरते थे, देखिए ज़रा." रिटायर झाल्यापासून कोणी माझी अशी वाट पाहिली नव्हती. वाकून पाहिलं. कुकर दुरुस्तीवाल्या रफीकची पिशवी, बघताक्षणी कळलं. दर महिन्याला येतो तो. तरी तोंड गंभीर करून म्हणालो, "कुछ कह नहीं सकते." तेवढ्यात रफीक चहाच्या टपरीवरून धावत आला, पिशवी उचलायला. लोक तुटून पडले त्याच्यावर. मी ओरडलो बहुतेक, थांबा म्हणून.
नाही. नाही ओरडलो.

४, मंगळ.
पिशवीत रबरी रिंगा, शिट्ट्या. पोलीस हसले म्हणे. रफीकचा हात मोडला, सरकारी दवाखान्यात आहे.
ही म्हणाली, "अहो, पिशवीनं कोणाले काय केलं? मारलं तर माणसांनी. मग पिशवीले काहून भिऊन राहिले होते सगळे?"
 दारूगोळ्याच्या फॅक्टरीची भिंत इथून दिसते, आत काय भरतात ते पोरांनाही ठाऊक. तिची कोणाला भीती नाही. गर्दीची तर नाहीच, गर्दीत सगळे घरचेच.

६, गुरु.
कॉलनी कमिटीवाले आले. रविवारी माझा सत्कार, शाल-श्रीफळ. "आपने सबको सावधान किया." नको म्हटलं, त्यांना तो विनय वाटला. खरं सांगणार होतो, तर हिने चहा आणला. प्यालो. लाज वाटते.

८, शनि.
दवाखान्यात गेलो, संत्री घेऊन. रफीक उठून बसला. म्हणाला, "बाबूजी, भीड़ में आप दिखे तो जान में जान आई. सोचा, ये तो पहचानते हैं, अभी बोल देंगे."
रागावून नाही, सहज म्हणाला. मी संत्रं सोलत बसलो. सोललेलं त्याच्या हातात देतानाही वर बघवेना. शेवटी "चलो, आराम करो भैया" म्हणून निघालो.

९, रवि.
हिने इस्त्रीचा कुर्ता काढून ठेवला. विचारलं, "काय बोलाल तिथं?"
 कॉलनीवाल्यांसमोर उभं राहून रफीकचं नाव घ्यायचं, की... मला आता त्यांची भीती वाटते. त्या दिवशी वाटायला हवी होती.
खाली माइक तपासून पाहताहेत. हॅलो, हॅलो म्हणत नाहीत, माझंच नाव घेताहेत.