लोकरीला साडीचं अस्तर

१८ डिसेंबर, गुरुवार. बुरैदा, सौदी.
नंदूचा कफील, म्हणजे त्याचा अरब मालक, त्याला शिकारीला नेतोय. वर तुरैफच्या बाजूला, उघड्या वाळवंटात, दहा दिवस. ससाणे, तंबू, तीन गाड्या. शेवटची सामानाची गाडी नंदूने चालवायची. शिकारीचा परवाना हातात आला, आता यल्ला, चला म्हणे. आज आमच्या शिवणाच्या दुकानात येऊन मला विचारतो, मास्टर, तुझ्या मेहुण्याकडे थंडीचे कपडे आहेत ना? म्हटलं, आहेत. आहेत डोंबल! गुहागरचा माणूस. जन्मात एकदा स्वेटर घातला, शाळेच्या सहलीत महाबळेश्वरला, तोही शेजाऱ्यांचा.
संध्याकाळी नंदू म्हणे, "भावोजी, नाही म्हणून सांगू काय?" म्हटलं, सांग, आणि शिमग्याची सुट्टी विसर. वर तिकडे पाणी गोठतं म्हणतात.

१९, शुक्र.
नमाजनंतर बाजार उघडला तसे दोघे गेलो. पहिल्या दुकानात जाकीट, "सौ टका ऊन" म्हणे, म्हणजे अस्सल लोकर. कडेचा एक धागा ओढला, लायटर लावला. वितळून टणक गोळी झाली. हे ऊन? हे प्लास्टिक! शिकारीत सगळे शेकोटीला बसणार, एक ठिणगी उडाली की कातडीला चिकटेल. दुकानदार भडकला. भडकू दे, सव्वीस वर्षं कात्री चालवतोय मी. पुढच्या दोन दुकानांत तेच.
शेवटी जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या सीरियनाकडे जाड लोकरी कापड मिळालं. जळलं तर केस जळल्याचा वास, राख चिमटीत विरली. अस्सल. नंदूला निळं हवं होतं. म्हटलं, वरातीला चाललायस काय? मातकटच घेतलं. दोन जाकिटं होतील, एक त्याला, एक मला.

२०, शनि.
दुपारपर्यंत शिवून झालं. नंदूने घातलं आणि माकडासारखा खाजवत सुटला. "टोचतंय हो भावोजी. दहा दिवसांत सोलून निघेन." कोकमाच्या बाटल्या सौ.ने ज्या जुन्या साडीत गुंडाळून पाठवल्या होत्या, ती धुऊन ठेवलेली. अबोली, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली. तिचंच अस्तर लावलं, दोन्ही जाकिटांना. बाळाला दुपट्यात घ्यावं तसं झालं अगदी. नंदू खूश.
सौ.ला फोनवर सांगितलं. हसली. "माझी साडी शिकारीला निघाली म्हणायची!" मग आवाज बारीक करून, "जपा हो त्याला. एकच भाऊ आहे मला."

२१, रवि.
सकाळी निघाले. नंदूचा फोटो आला, ससाण्याशेजारी उभा, जाकीट गळ्यापर्यंत बंद. साहेबच दिसतोय मेला.

२३, मंगळ.
आमचा इस्त्रीवाला खानबाबा, अफगाण, बर्फाच्या डोंगरातला. माझं जाकीट इस्त्रीला दिलं. त्याने उलटं केलं, अस्तर चिमटीत धरलं. "मास्टर, ये अंदर सूती किसने लगाया?"
"मैंने. ऊन चुभता है."
"चुभने दो ना! पसीना आएगा, बारिश आएगी. ऊन भीगके भी गरम रहता है, सूती नहीं. लडके को ठंडा पानी पहनाके भेजा तुमने."
उगाच बडबडतो, असं मनात म्हटलं. अंगाला सुतीच बरं, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं. पण आमच्याकडे ओल्या कापडाने गार वाटलं तर बरंच. तिकडे?
नंदूला चार वेळा फोन. रेंज नाही.

२४, बुध.
स्वतःच करून पाहिलं. उरलेल्या लोकरीचा तुकडा आणि साडीचा तुकडा, दोन्ही भिजवून पिळले, दोन दंडांना बांधले, पहाटे सहाला गच्चीवर वाऱ्यात बसलो. लोकरीचा दंड गार झाला, पण शाबूत. साडीचा दहा मिनिटांत बधिर. बोटं वळेनात. वीस मिनिटांनी खानबाबाच वर आला आणि ओढून खाली नेलं. चहाचा कप धरता येईना.
कापड पारखलं, धागा धागा जाळून पाहिला. आणि अंगाला लागणार ते काय? ते माझ्या लाडाने ठरवलं. मूर्ख!
कफीललाही फोन लागत नाही. त्याच्या घरी निरोप ठेवलाय, नंदूला सांगा, अस्तर फाडून काढ. कसा पोचणार.

२५, गुरु.
उत्तरेला पाऊस. इथेही आभाळ भरलंय. दोन सदरे उलटे शिवले, दुकानमालकाने उसवायला परत दिले.
सौ.चा फोन. "नंदू बरा आहे ना?" म्हटलं, मजेत आहे, मटण खातोय. थाप मारताना जीभ अडखळली. तिला कळलं बहुतेक.

२६, शुक्र.
दु. २. कफीलचा आवाजी निरोप. तीनदा ऐकला. काल गाडी चिखलात रुतली, नंदूने उतरून तासभर ढकलली, चिंब झाला. विचारलं तर म्हणे जाकीट आहे, ठीक आहे. संध्याकाळी दात वाजायचे थांबले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बरा आहे. मग बोलणं बरळल्यासारखं. अरारच्या इस्पितळात नेलाय. शेवटी, "तुझं नाव घेतोय, मास्टर. ये. त्याला कपडे आण, ते ओले कापून काढले."
कापून काढले.
खानबाबा पाठीवर हात ठेवून बसला.

२७, शनि.
सकाळी सात. कफीलचा भाऊ आठला निघतोय, मला नेणार. सात-आठ तासांचा रस्ता. इस्पितळातून नवीन काही नाही. नर्स म्हणते, झोपलाय.
माझं जाकीट नंदूसाठी घेतलंय. पहाटेपासून ब्लेडने अस्तर उसवतोय. शिवण दुहेरी घातलेली, माझीच, सुटता सुटेना. साडी सोडवून घडी करून कपाटात ठेवली.
सौ.ला फोन केला. सगळं सांगितलं, साडीचंही. शिव्या घालेल वाटलं, घालायला हव्या होत्या.
मग म्हणाली, "अस्तर काढलंत. टोचेल ना हो त्याला?"
म्हटलं, टोचू दे गो. टोचतंय म्हणून एकदा ओरडू दे माझ्यावर.