भिंतीवरची सात चित्रं

३ मार्च, सोमवार
बायको आठ दिवस लेकीकडे गेली. जाताना दारातून दोन सूचना: गॅस बंद करत जा, आणि माझी गुंडाळी फ्रेमवाल्याकडे टाका. लग्नानंतर लगेच तिने काढलेलं चित्र. चार वर्षं सांगतेय. या वेळी टाकणारच. पण नुसती फ्रेम? छे! हॉलची अख्खी भिंत सजवणार. माळ्यावर सहा तसबिरी धूळ खात आहेत. सातवी तिची, बरोबर मध्ये. आल्यावर बघतच राहील.

४ मार्च
नाक्यावरच्या सुताराला सहज विचारलं. म्हणाला, साहेब, अर्ध्या तासाचं काम, आत्ता येतो. त्याला सांगितलं की हे नजरेचं काम आहे, हातोडीचं नाही. तो हसला. हसू दे. ड्रिल मशीन आणलं. सोबतची पुस्तिका वाचली. म्हणजे पहिलं पान.
फ्रेमवाला उद्या.

५ मार्च
पहिलं भोक अप्रतिम. फक्त चार बोटं डावीकडे. दुसरं भिंतीच्या ऐन मध्यावर, पण प्लास्टर ढासळलं आणि मूठ जाईल एवढा खड्डा पडला. दोष बिल्डरचा.
फ्रेमवाल्याचं दुकान बंद असेल असं वाटलं. गेलो नाही.

६ मार्च, सकाळी १०
शास्त्रशुद्ध पद्धत सापडली. मोबाइलवर एकाने दाखवली. जाड कागदावर मापं आखायची, कागद भिंतीला चिकटवायचा, त्याच्यावरूनच भोक पाडायचं. चुकायला वावच नाही.

दुपारी १२
वर्तमानपत्र टराटरा फाटतं. कपाटावर जाड कागद मिळाला, गुंडाळून ठेवलेला. बाहेरून कोरा करकरीत. आतून कसलेसे निळे-पिवळे रंग फासलेले, ती बाजू भिंतीकडे केली. मार्करने मापं लिहिली.

संध्याकाळी ६
चौदा भोकं. कागद मात्र चिवट निघाला, सरकवत सरकवत सहाही तसबिरींना पुरला. शेवटी पूड सांडू नये म्हणून पायाखालीही घेतला. मग केरात.

७ मार्च, दुपारी ४
सहाही लागल्या. एक गुडघ्याच्या उंचीवर आहे, कारण भोक तिथे झाकायचं होतं. पाहुणे बसतातच की. मध्ये त्या सहांतलाच माझ्या ऑफिसातल्या सत्काराचा फोटो लावावा लागला. खड्ड्याच्या मापाचा तोच होता. नाइलाज.

४.३०
बायकोचा फोन. गुंडाळी दिलीत का? दिली म्हटलं. उद्या देणारच आहे, मग ते खोटं कसं? रंग टिकलाय ना, तिने विचारलं. मस्त टिकलाय म्हटलं.

५.००
गुंडाळी माळ्यावर नाही. पलंगाखाली नाही.

५.१०
कपाटावरही नाही.

५.१५
गॅलरीतली केराची बादली.

८ मार्च
इस्त्री फिरवली. पिवळा रंग तपकिरी झाला. चित्र पहिल्यांदाच नीट पाहिलं. एक खिडकी, खिडकीत दोरी, दोरीवर चौकड्यांचा शर्ट. भोकं मोजली नाहीत.
फ्रेमवाल्याने विचारलं, अहो, हे कोणी केलं? नातवाने, म्हटलं. आम्हाला नातू नाही. असतात द्वाड, तो म्हणाला. मग मीही त्या नातवावर पाच मिनिटं चिडलो. घरी येताना फार लाज वाटली.

१० मार्च
फ्रेम आणली. ठरलं. दुकानातच खराब झालं असं सांगणार. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. जमतंय.

११ मार्च
बायको आली. भिंतीकडे पाहिलं. फ्रेमचा कागद सोडला. मी म्हटलं, दुकानात झालं असं, मी चांगलाच झापला त्याला. ती चित्राच्या आकाशावर बोट फिरवत राहिली. तिथे मार्करची शाई आरपार आली होती. माझं अक्षर, उलटं: डावीकडून बावीस.
मला वाटलं आता बोलेल. तिने एवढंच विचारलं, शर्ट कोणाचा ते ओळखलात का? मी विचार केला. तेव्हाच्या घरमालकांचा का, म्हटलं.
ती म्हणाली, तुमचा. तेव्हा तुमच्याकडे ऑफिसला घालण्यासारखा तो एकच होता. मी रोज धुवून तिथे वाळत घालायचे.
आणि आत गेली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

१२ मार्च
तिने सुताराला बोलावलं. अर्धा तास म्हणाला होता, वीस मिनिटांत उरकलं. सहा तसबिरी उतरवल्या, खड्डे बुजवले, एकच चित्र लावलं. माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर. मदत करू का, मी विचारलं. तुम्ही बसा, बायको म्हणाली.
बसलोय. शर्टाला तीन भोकं आहेत. चष्मा काढला तरी दिसतात.