ओपलच्या भिंतीवरचा सहावा खिळा

हॉलिस क्रॉसिंग, नेब्रास्का
४ नोव्हेंबर, सोमवार

आदरणीय थोरले बंधू मर्ल यांस,

धाकट्या लोरीनचा मानाचा नमस्कार. ("आदरणीय" वाचून छातीत धस्स झालं असेल तर आधीच सांगते, कुणीही गेलेलं नाही. आईनं पत्र लिहायला शिकवलं होतं तसं मरायच्या आधी एकदा लिहून बघावं म्हटलं, एवढंच.) तुझी तब्येत कशी आहे? खांद्याचं दुखणं थांबलं का? ॲरिझोनात अजून अर्ध्या बाह्यांचे शर्ट चालतात का? इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे माझा डावा गुडघा, ड्वाइटची कॉफी आणि आपल्या संघात चेंडूला लाथ मारायला ठेवलेला पोरगा एवढं सोडून. फोन न करता पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर तिकडचं हवामान सांगतोस आणि ठेवून देतोस. पत्राला हवामान सांगून गप्प करता येत नाही.

मालाकाई फोनुआ हे नाव तिकडच्या पेपरात आलंच असेल. आपल्या कॉलेजचा मधला लाइनबॅकर, बचावाच्या मधोमध उभा राहून चेंडूवाल्याला पाडणारा, म्हणजे तुझ्याच जागेवर खेळणारा. मूळचे टोंगा बेटावरचे लोक, वाढला सॉल्ट लेक सिटीत, आणि अंगानं असा की बसमध्ये चढला तर मी आधी टायर बघितले असते. (तीस वर्षं शाळेची बस चालवली, सवय जात नाही.) सप्टेंबरात पहिल्याच सामन्यात त्यानं समोरच्या संघाच्या चेंडू फेकणाऱ्याला अर्ध्या वेळात चारदा आडवा केला. पाचव्यांदा तो पोरगा त्याला येताना बघून आपणहून खाली बसला. पुढच्या संघांनी मग शहाणपणा केला, मालाकाई ज्या बाजूला उभा असेल तिकडे खेळायचंच नाही. मैदानाची अर्धी बाजू वापरून फुटबॉल खेळणारे संघ मी या वर्षी पहिल्यांदा बघितले.

आणि त्या दिवसापासून ओपलच्या खानावळीतलं सकाळचं टेबल पेटलं. ओपल जाऊन सहा वर्षं झाली, जावई ड्वाइट चालवतो. टेबल तेच आहे, खिडकीजवळचं, आणि सात जणही बरेचसे तेच आहेत, तुझी खुर्ची मी घेतली एवढाच फरक. प्रश्न एकच: कॉलेजच्या इतिहासात बचावातला सगळ्यात थोर खेळाडू कोण, मर्ल स्ट्रँड की हा मालाकाई? हार्लन पेटिग्रू पहिल्या दिवसापासून मालाकाईच्या बाजूनं. तुझ्या शेजारी उभा राहून तीन हंगाम खेळलेला माणूस, आणि म्हणतो काय, तर आमच्या काळातले समोरचे संघ म्हणजे गवत कापता कापता आलेली पोरं, मर्लनं त्यांना पाडलं यात नवल काय, ती दमलेलीच होती. मी म्हटलं, दमलेली होती तर तुझ्या अंगावरून कशी पळून जायची रोज? दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दालचिनीचा रोल राजमा-खिम्याच्या चिलीत बुडवता बुडवता परत सुरू.

मग मी माझी वही आणली, आणि इथेच माझं घोडं पेंड खायला लागलं. १९७५ ची निळी वही, तुझ्या प्रत्येक सामन्याची. तेव्हा कुणी किती जणांना पाडलं हे कॉलेजही धड मोजत नसे, मोजत होते ती फक्त मी, सतरा वर्षांची, तुझे हातमोजे घालून, पेन्सिलीनं. वहीत तुझ्या नावावर एकशे एकसष्ट आहेत. मी वही टेबलावर आपटली आणि म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला. हार्लननं शांतपणे सांगितलं की त्याच्या मुलानं जुन्या सामन्यांची फिल्म टीव्हीवर लागेल अशी करून दिली आहे, एक सामना मोजून बघायचा का? मी तोऱ्यात हो म्हटलं. वहीत त्या सामन्याचे एकोणीस होते. टीव्हीवर चौदा भरले. ढिगाऱ्यात जिथे जिथे तुझा पाय दिसला तिथे मी एक लिहिला होता म्हणे. दोन ठिकाणी तर तो पाय हार्लनचा निघाला.

माझं पितळ तिथेच उघडं पडलं असतं तर बरं झालं असतं. पण मी हट्टानं म्हटलं, शेवटचा सामनाही लावा. तो सामना, मर्ल. ज्यात तुझ्या हातातून तो एक माणूस निसटला आणि आपण हरलो. वहीत त्या ओळीपुढे माझ्या अक्षरात लिहिलंय, "डोळ्यावर ऊन आलं." टीव्हीवर बघावं तर असा बर्फ पडतोय की मैदानावरच्या रेघा दिसत नाहीत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती शेवटची वेळ जवळ आली तसा हार्लन उठला आणि त्यानं टीव्ही बंद केला. म्हणाला, पुढे फिल्म खराब आहे. ड्वाइटनं न मागता सगळ्यांना कॉफी ओतली, तीच ती, मोजे उकळल्यासारखी.

एवढ्यावर थांबलं असतं. पण अकरा खिळ्यांचं काय? ओपलच्या भिंतीवर बचावाचे अकरा खेळाडू, अकरा खिळे, सहावा तुझा, बारावा ठोकायचा नाही हा तिचा नियम. नवा फोटो चढायचा तर त्याच जागेवरचा जुना उतरणार. आणि उतरवायचा कुणी, तर ज्याचा आहे त्यानं, स्वतःच्या हातानं, मग नव्या माणसाचा हात हातात घ्यायचा आणि खानावळीतर्फे एक वाडगा चिली खायची. (तुला हे सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण सोयीचं तेवढं विसरायची तुला सवय आहे.) शहात्तर साली म्हाताऱ्या ऑझी ट्रंबलनं तुझ्यासाठी आपला फोटो उतरवला तेव्हा आर्डिथ आणि मी काउंटरपाशी उभ्या होतो. ऑझीच्या डोळ्यात पाणी आलं आणि त्यानं मिरच्या तिखट आहेत म्हणून सांगितलं. ओपलच्या चिलीत मिरच्या कधी नव्हत्याच. आर्डिथनं तेव्हा माझा हात इतका घट्ट धरला होता की तुमचं लग्न होणार हे मला तुझ्याआधी कळलं.

तर गेल्या मंगळवारी मतदान झालं. रीत नेहमीचीच: साखरेची पांढरी पुडी म्हणजे जुना राहू दे, ती गुलाबी पुडी, मधुमेहवाल्यांची, म्हणजे नवा चढू दे. पुड्या डब्यात टाकायच्या आणि कुणी कुणाकडे बघायचं नाही. सात जणांनी डोळे मिटून कॉफीचे घोट घेतले. ड्वाइटनं डबा उलटा केला. तीन पांढऱ्या, चार गुलाबी.

माझा संताप काय सांगू! मी टेबलाला दोन शब्द सुनावले, त्यातला एक चर्चमध्ये चालत नाही. मी म्हटलं, एकोणपन्नास वर्षं या गावानं ज्याच्या नावाची कॉफी प्यायली त्याला एका पुडीनं खाली उतरवलंत. हार्लनकडे बघून म्हटलं, घरभेदी शेजारीच असतो. आणि कोट घेऊन बाहेर आले. (कोट चुकीचा घेतला होता, परत जावं लागलं. अशा वेळी ताठ मान ठेवणं फार अवघड जातं.)

हार्लन माझ्यामागे गाडीपर्यंत आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "लोरीन, माझी पुडी पांढरी होती."

मी म्हटलं, "मग दोन महिने कशाला भांडत होतास?"

"समोरून कुणी नाही म्हटल्याशिवाय तू बोलत नाहीस. आणि तू बोलली नाहीस तर त्या टेबलावर त्याचं नाव कोण काढणार? मला रोज सकाळी त्याचं नाव ऐकायचं असतं, बाई. दुसरं काय राहिलंय?"

मी गाडीत बसले आणि किल्ली लावायला मला बराच वेळ लागला. सत्तरीला आलेल्या माणसानं असं तोंडावर बोलू नये, निदान गाडी चालवायची असेल तेव्हा.

परवा मालाकाई स्वतः आला. ड्वाइटनं त्याला बातमी दिली होती. इतका मोठा देह, पण आत येताना टोपी काढून, सगळ्या म्हाताऱ्यांना वाकून. तुझ्या फोटोसमोर उभा राहिला. विचारलं, "मावशी, यांच्या हातात मोजे नव्हते? एवढ्या थंडीत?" मी म्हटलं, मोजे होते, ते मी घालून बसायची. त्यावर तो हसला नाही, मान हलवली. मग ड्वाइटला म्हणाला की त्याचा फोटो घाईनं लावू नये. त्यांच्यात वडीलधाऱ्यानं जागा दाखवल्याशिवाय कुणी बसत नाही, आई ऐकेल तर सॉल्ट लेकहून येऊन कान धरेल. ते काका येतील तेव्हाच. नाही आले तर खिळा त्यांचाच. आणि त्यानं दालचिनीचे चार रोल खाल्ले, चारही चिलीत बुडवून, कुणी न शिकवता. पोरगा चांगला आहे, मर्ल. तुला आवडला असता. तुझ्यासारखाच आधी दोन पावलं डावीकडे टाकतो आणि मग झेपावतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी उठून उभी राहिले होते, आणि तुझं नाव घेऊन ओरडले होते. मागच्या रांगेतल्या बाईनं मला पाणी दिलं.

स्टेडियममधल्या आपल्या दोन जागा अजून आहेत, बाविसावी रांग. तुझ्या जागेवर मी कोट ठेवते. कुणी विचारलं, इथे कुणी आहे का, की मी सांगते, आहे, तो चिली आणायला गेलाय. अकरा वर्षं झाली. नेहमीच्या लोकांना कळून चुकलंय, पण कुणी कोटाला हात लावत नाही. तुम्ही गेलात ते आर्डिथच्या सांध्यांसाठी, कोरडी हवा हवी होती, मला पटलं होतं. ती जाऊन दोन वर्षं झाली. आता तुझे सांधे कशासाठी तिकडे आहेत हे मला कळत नाही. किंवा कळतं. इथल्या प्रत्येक दुकानाच्या दारात ती उभी दिसेल तुला, म्हणून येत नसशील. मला पण दिसते, मर्ल. ओपलच्या काउंटरपाशी तर रोज. दोघांनी बघितलं तर सोपं जाईल असं मला वाटतं. मला तुझी आठवण येते, आणि हे फोनवर बोलायला गेलं की मध्ये तुझं हवामान येतं.

असो. पाल्हाळ पुरे. तब्येतीला जप, खांद्याला शेक दे, आणि तिकडच्या त्या दगडगोट्यांच्या अंगणाला माझा नमस्कार सांग, घरात दुसरं कुणी नाही म्हणून.

तुझी धाकटी बहीण,
लोरीन

ता. क. — घरचा शेवटचा सामना शनिवारी, २३ तारखेला आहे. त्याच दिवशी सकाळी फोटो उतरवायचं ठरलंय. ओपलचा नियम आहे, तुला यावंच लागेल. मी काही बोलावत नाहीये, नियमच तसा आहे.

ता. क. २ — ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय राहिलं नाही. चौथी गुलाबी पुडी माझी होती. हार्लनला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. तुझ्याहून थोर इथे कुणी खेळलेलं नाही, मालाकाईसुद्धा नाही, वहीतले पाच वजा केले तरी नाही. पण पांढरी टाकली असती तर तू भिंतीवरच राहिला असतास. डब्यात पुडी टाकताना मी एवढाच विचार केला की भिंतीवरचा मर्ल मला रोज दिसतो, त्याचं मी काय करू?

ता. क. ३ — लोकरीचे पायमोजे आण, तुझे इथले कसरीनं खाल्ले. आणि शनिवारी कुणी त्या जागेबद्दल विचारलं तर मी नेहमीचंच उत्तर देणार आहे, की तो चिली आणायला गेलाय. एकदा तरी मला खोटं पाडू नकोस. दोन वाडगे आण.