काचेवरचे आप्पा

स्टेशन रोड, परभणी
६ फेब्रुवारी १९८६

प्रिय अक्का,

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. लगेच लिहायला बसलो होतो, पण चारठाण्याला एका घरभरणीचे फोटो निघाले आणि तिथल्या देवळात एक खांब असा आहे की, जाऊ दे, ते भेटीत. तू लिहिलंस, सोमवारी आप्पांना वर्ष होतंय, भिंतीवर लावायला मोठा फोटो पाठव. "तू धाडलेला काडेपेटीएवढा हाय. त्यात आईला आप्पा दिसत न्हाईत." हे वाचलं आणि चारठाण्याहून आल्या आल्या अंधारखोलीत शिरलो.

माझा छोटा कॅमेरा तू पाहिलास. छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो निघतात, खिशात मावतो. मी ज्यांच्या स्टुडिओत राहतो ते बन्सीधरकाका त्याला खेळणं म्हणतात. त्यांचा कॅमेरा लाकडी, तीन पायांवर उभा. आत पाटीएवढी काच घालायची, माणसानं श्वास धरून बसायचं, आणि दिवसात चार फोटो झाले तरी लय झाले. विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा इथं निघाला तेव्हा मी पळत पळत अख्खा रोल संपवला, दुपारच्या एसटीनं औरंगाबादला धाडला, दुसऱ्या दिवशी पेपरात. काका तोवर कॅमेऱ्याचे पायच उघडत होते. हलकं असलं की लवकर पोचतं, हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं. घराशीही मी तसाच वागलो बघ. कधी कार्ड टाकलं, कधी फोटो टाकला. मी काही फारसा आलो नाही.

आप्पांचा तो फोटो गंगाखेडच्या स्टँडवरचा, गेल्याच्या आधल्या दिवाळीतला. ते मला सोडायला आले होते. बस हलली तेव्हा खिडकीतूनच काढला, नीट पाहिलंसुद्धा नाही. आता तो मोठा करायला घेतला तर कागदावर कण्या सांडल्यासारखं झालं. टोपी कळते, चेहरा कळत नाही. थोडा लहान केला, पुन्हा केला. अकरा कागद वाया गेले. तुला आठवतं, आप्पा सकाळी लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायचे, तेव्हा मी त्यांची लिंगाची रिकामी चांदीची डबी पळवली होती आणि उंबऱ्यावर आपटून तिला पोचा पडला होता? आईनं मला झोडपलं. आप्पांनी मात्र ती कधी ठोकून सरळ करून घेतली नाही, तशीच गळ्यात घातली. तो पोचा मी या फोटोत शोधत होतो. तिथं नुसता पांढरा ठिपका आहे.

आता जे लिहितो ते तुला ठाऊक नाही. त्या दिवाळीनंतर महिन्याभरानं आप्पा मला न्यायला परभणीला आले होते. मी समोरच्या हॉटेलात चहा पीत होतो. ते स्टुडिओची पायरी चढताना दिसले. घरच्या गुळाच्या दुकानात बसवतील म्हणून मी हॉटेलाच्या मागच्या दारानं निघालो, स्टेशनवर उभी होती त्या गाडीत बसलो आणि चुडाव्याला उतरलो. तिथं पेरू खात दिवसभर बाकावर बसून राहिलो. परतलो तेव्हा ते गेले होते. काका एवढंच म्हणाले, "बाप लय वेळ बसला होता." दोन महिन्यांनी तार आली तेव्हा मी कुठल्याशा जत्रेत होतो. तार उशिरा मिळाली हे खरं. पण मिळाल्यावरही निघालो नाही, हेही खरं.

काल काकांनी ते अकरा कागद पाहिले. कपाटातून एक काच काढली. अक्का, काचेवर सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं. तरी मी ओळखलं. कागदावर उतरवली आणि आप्पा समोर बसले. कपाळावर विभूतीची तीन बोटं वेगवेगळी. डावा हात मांडीवर उघडा, तळव्याच्या रेघा मोजता येतील. आणि डबीवर माझा पोचा. त्या दिवशी वाट पाहून कंटाळलेल्या आप्पांना काकांनीच विचारलं होतं, "फोटो काढू का? लहान काढतो, पाकिटात मावंल." आप्पा म्हणाले, "न्हाई, काचंवर काढा. काच पोस्टानं जात न्हाई, त्याला घेऊन यावं लागंल. पन तो घरला निघंल तवाच द्या." मी निघालोच नाही, म्हणून वर्षभर ती कपाटात राहिली. ते अकरा कागद पाहून मात्र काकांना राहवलं नाही.

काकांनी कागदाची गुंडाळी करून वर तुझा पत्ताही घातला होता. पोस्टानं शनिवारी तुला मिळाली असती. मी ती उलगडली आणि फ्रेम करायला टाकली. रविवारी सकाळच्या एसटीनं येतोय, फोटो आणि ती काच दोन्ही मांडीवर घेऊन. चुडाव्याचं आईला मीच सांगेन, तू आधी सांगू नकोस. तोवर भिंतीत खिळा ठोकून ठेव, जरा जाड. वजन आहे.

तुझाच,
शिवमूर्ती