पिवळं ताट

प्रिय ठमे,

तुझी आई बरी आहे, माझा गुडघा बरा नाही, आणि दुकानात गिऱ्हाईक नाही. हल्ली घड्याळ दुरुस्त कोण करतं गं? म्हणून तर पंपघरामागच्या ओल्या भिंतीचं काम तू माझ्यावर सोपवलंस तेव्हा मी हरखलो होतो. लोकांच्या मुली पांग फेडतात, आमची माश्या मारते, अशी चेष्टा मी जन्मभर केली. पण डोळ्याला भिंग लावून तुझी माशी पहिल्यांदा पाहिली आणि चेष्टा विसरलो. तिळाएवढा जीव. अंग मधाच्या रंगाचं, डोळे तांबडे, पंखावर एकच काळा पट्टा, तोही इतका नेमका की चाळीस वर्षं काटे बसवणाऱ्या माझ्या हातालाही काढता येणार नाही.

तू सांगितलेलं सगळं पाठ आहे. पूर्वी ती तीन ओढ्यांवर होती, आता जगात फक्त या भिंतीवरच्या वीस पावलांच्या शेवाळात. अकरा महिने अळी होऊन पडून राहायचं, मग बारा दिवस कोष, आणि पंख फुटले की उणेपुरे चार दिवस. त्यात खाणं नाही की पिणं नाही. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. सगळ्या एकाच आठवड्यात बाहेर येतात. साबणाच्या पाण्याचं पिवळं ताट तासभरच ठेवायचं, रंगाला भुलून पडतील तेवढ्या मोजायच्या आणि ताट उचलायचं, हे तू दहादा बजावलंस. मी म्हटलं, अगं, वेळेचं मला शिकवतेस?

मागच्या वर्षी तासाभरात पाच पडल्या. पाच! माझं तोंड एवढंसं झालं. एवढ्याशा आकड्यावर साहेब लोक ऐकणार नाहीत, भिंत पाडून पाइप घालणारच, हे मला दिसत होतं. म्हटलं, राहू दे ताट, आकडा वाढेल, पोरीचं भलं होईल. आठवडाभर राहू दिलं. एकशे एक्केचाळीस. तुला त्या तासाभराच्या म्हणून कळवल्या. तू फोनवर लहानपणीसारखी किंचाळलीस आणि मी, गाढव, दिवसभर दुकानात शीळ घालत बसलो.

यंदा रोज गेलो. ताट रिकामं. वाटलं, उशीर झाला असेल. पंधरा दिवस शेवाळाला नाक लावून बसलो. एकही नाही गं. अंडी घालायच्या आधीच मी त्यांना बुडवलं, हे कळायला मला वर्ष लागलं. आणि तरी तुला एकशे वीस सांगितल्या. खरं बोलायला जीभच रेटेना.

सोमवारी भिंतीच्या सुनावणीत तू तो आकडा शपथेवर वाचणार, असं आई शेजारी कौतुकानं सांगत होती. वाचू नकोस. ज्यांच्यासाठी तू भांडतेस त्या सोबतच्या डबीत आहेत, सगळ्या. भिंत आता राहिली काय, पडली काय. मला वाटेल ते बोल, हवं तर कधीच बोलू नकोस. पण माझं खोटं तुझ्या तोंडून जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिलं.

तुझाच,
बाबा