फाटकापर्यंतचं ऊन

ताई,

तू देवळात गेली आहेस तेवढ्यात ऑफिसला निघतो. तू घरी असतीस तर रिक्षा बोलावली असतीस आणि वर सोबतीला शेजारच्या गोपाळरावांना बसवलं असतंस. मी बसनं जातो आहे. डबा, छत्री आणि उकळलेलं पाणी घेतलं आहे.

टोमॅटोची रोपं आज फाटकाजवळ उन्हात ठेवली आहेत. पाणी बेतानंच घातलं. पहिल्या दिवशी मी रोपांचे डबे थेट अंगणात मांडले, तेव्हा तू म्हणालीस, "काहून गा मारून राहिला लेकरायले? आधी ओसरी, मग पायरी, मग फाटक." काविळीतून उठल्यावर माझी खुर्चीही याच क्रमानं सरकत गेली. फरक इतकाच की रोपांनी कुरकुर केली नाही.

आभार मानायला तोंड उघडलं की तू भांडी घासायला उठतेस, म्हणून लिहितो. मी आज पायांवर उभा आहे तो तुझ्यामुळे.

काल तुझी ट्रंक भरलेली दिसली. मी बरा झालो, हे कबूल. पण रोपं अजून वाफ्यात लागायची आहेत आणि ती मी लावली तर काय होईल, हे तुला ठाऊक आहे. टोमॅटो धरेपर्यंत थांब. कोराडीला तुझ्या मुलाला मी पत्रानं कळवतो. तिथे तुझी खाट गॅलरीत असते, हे त्यात लिहिणार नाही.

ट्रंक रिकामी करून लुगडी कपाटात ठेवली आहेत. घड्या वाईट झाल्या आहेत.

मार्तंड