तारेवरचा मणी

प्रिय मोना,

नोकरीच्या गावी, वाडीच्या खोलीवर आईचं पत्र आलेलं पाहून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. फोनच करणार होते, पण फोनवर मला रडू येतं आणि सांगायचं ते राहून जातं.

तुझ्या बाबांचा घसा बसला. डॉक्टरांनी आठ दिवस बोलायचं नाही असं बजावलं, आणि नेमकं रविवारी विहारात त्यांचं व्याख्यान: भौतिकशास्त्र आणि माणसाचं स्वातंत्र्य. शेजारच्या इंदुताई म्हणाल्या, "वंदना, तूच वाच ना वं त्यायचा कागद!" झालं, राहिले उभी. हे पहिल्या रांगेत, तोंडाला कुलूप. पस्तीस वर्षांच्या संसारात असा योग कधी आला नव्हता!

कागदात मण्याचा दाखला होता. तारेत ओवलेला मणी कितीही जोरात धावला तरी पुढे नाहीतर मागेच जाणार. म्हणून वेगाला भुलू नये, किती दिशांना जाता येतं ते पाहावं, आणि उद्याचा समाजही असाच पारखावा, असं त्यांनी लाल शाईनं लिहिलं होतं. वाचता वाचता तू डोळ्यांसमोर आलीस. तुला शिकवलं, नोकरीला पाठवलं, चारचौघांत मिरवलं. आणि तू काटोलच्या रोहितचं नाव काढलंस तेव्हा समाजाबाहेर नको म्हणून आम्हीच तोंड फिरवलं. मी कागद खाली ठेवला. म्हटलं, आमच्या घरातही एक तार आहे. तिचं एक टोक तुमच्या या सरांनी धरलंय, दुसरं मी. लेकीनं नोंदणी विवाहाची तारीख कळवली, तरी आम्ही जायचं नाही म्हणून बसलोय.

मग इंदुताईच उठल्या, "मंग सोडा ना ते टोक! धरून काहून बसले?" आणि अशा टाळ्या पडल्या म्हणून सांगू! खरं सांगते, मला माझाच फार अभिमान वाटला.

घरी आल्यावरही हे माझ्याकडे बघेनात. मी चहा केला आणि खुशाल पीत बसले. शेवटी त्यांनी डायरीचं पान फाडलं, काहीतरी लिहून माझ्यापुढे सरकवलं. 'नोंदणी विवाहाला साक्षीदार किती लागतात?' मी म्हटलं, तीन. त्यांनी कागद परत ओढला आणि खाली आमची दोघांची नावं लिहिली, आधी माझं. तिसरा तुम्ही दोघं बघा.

तुझीच,
भाषण ठोकून आलेली आई